टक्क्यांत न मावणारी मुले

दसरा सरला की परभणी जिल्ह्यातल्या पालम तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरची घरे एकेक करून बंद होऊ लागतात. गोदाकाठ सोडला की जमीन कोरडवाहू, खरिपाचे सोयाबीन-कापूस हाती आले की पुढे काम नाही. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला माणसे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटच्या उसाच्या फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्यांच्या मागे पाच वर्षांच्या आतली लेकरे, कारण त्यांना मागे ठेवायला घरी कोणी नसते. ही माणसे बाहेर असतानाच, बहुतेक वर्षी जानेवारी ते मार्च या काळात, पल्स पोलिओचा रविवार येतो. २०२० मध्ये तो १९ जानेवारीला होता, २०२१ मध्ये ३१ जानेवारीला, २०२२ मध्ये २७ फेब्रुवारीला आणि २०२४ मध्ये ३ मार्चला. चारही तारखा ऊसतोडीच्या हंगामातल्या. पालमच्या बूथवर त्या दिवशी रांग लागते, टक्केवारी चांगली येते, आणि तालुक्यातली सर्वांत जास्त धोक्यातली मुले तीनशे-चारशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत असतात. पोलिओविरुद्धच्या आपल्या मोहिमेचे यापुढचे खरे काम ही मुले शोधणे आहे आणि टक्केवारीने ते होणार नाही, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

मोहिमेचे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला तेव्हा जगात दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुले पांगळी होत होती. भारतात ९ डिसेंबर १९९५ रोजी पहिला देशव्यापी पल्स पोलिओ दिवस झाला. आधी तीन वर्षांपर्यंतच्या आणि पुढच्या वर्षापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना डोस पाजले जाऊ लागले. तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण सापडले. जगातल्या त्या वर्षीच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. त्या काळी जाणते लोकही म्हणत की पोलिओ जगातून गेलाच तर सर्वांत शेवटी भारतातून जाईल. पण २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले, १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या ४२ जणांत महाराष्ट्रातलेही काही होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

हे घडले कसे, ते नीट पाहण्याजोगे आहे. थेंब वाढवून हे झाले असे आपण समजतो, पण थेंब आधीही भरपूर पडत होते. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी मोहीम सुरू होण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते की युरोप-अमेरिकेत तीन डोसांनी जे काम होते ते आपल्याकडे होत नाही. सतत जुलाब, कुपोषण आणि अस्वच्छ पाणी यांमुळे मुलांच्या आतड्यात लस नीट रुजतच नाही. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये अनेक वेळा डोस घेतलेली मुलेही आजारी पडली. मग सरासरी बाजूला ठेवली गेली. त्या दोन राज्यांतले १०७ तालुके वेगळे काढले, तिथे लसीबरोबर पाणी, शौचालय आणि जुलाबाच्या उपचाराकडे लक्ष दिले गेले. वीटभट्ट्या, बांधकामे, पाले, भटक्यांचे मुक्काम यांची स्वतंत्र यादी झाली. रेल्वे फलाटावर, बसस्थानकात, नेपाळच्या सीमेवर, चालत्या गाडीत डोस पाजले गेले. एका फेरीत देशभरातल्या सतरा कोटी मुलांना डोस मिळत होते, पण विषाणूची वाट अडली ती या सतरा कोटींच्या बाहेर राहणाऱ्या मुलांपर्यंत माणूस पोहोचला तेव्हा. हावड्याची ती शेवटची मुलगी सतत आजारी असायची म्हणून तिला डोस पाजले गेले नव्हते. आजारी मूल, झोपलेले मूल, पाहुणे गेलेले मूल, फडावर गेलेले मूल. पोलिओचा सगळा इतिहास अशा राहून गेलेल्या मुलांचा आहे.

आता पालमकडे या. जंगली विषाणू गेल्यावर संरक्षणाचा भार पल्स पोलिओच्या एका रविवारावर राहिलेला नाही. तो नियमित लसीकरणाच्या वेळापत्रकावर आला आहे. जन्मल्यावर थेंब, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला थेंब, आणि दीड-दोन वर्षांच्या दरम्यान वर्धक मात्रा. त्याच्या जोडीला इंजेक्शनची लस, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दंडावर त्वचेत अगदी थोडी टोचलेली, आणि जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्याला तिसरी. थेंबांनी आतड्यात विषाणूला अटकाव होतो, इंजेक्शनने पक्षाघात टळतो. दोन्ही लागतात. आता श्रावणात जन्मलेले ऊसतोड कुटुंबातले मूल घ्या. जन्माचा डोस दवाखान्यातच मिळतो. सहाव्या आठवड्याचा गावच्या सत्रात मिळतो, बहुधा. दहावा आठवडा दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ट्रक दारात उभा असताना. चौदावा आठवडा परक्या जिल्ह्यात, जिथे आईला आरोग्य उपकेंद्र कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसते आणि तिथल्या आशाताईच्या यादीत या मुलाचे नाव नसते. नवव्या महिन्यापर्यंत कुटुंब गावी परतलेले असते, पण तोवर कार्ड कोपीत भिजलेले किंवा हरवलेले असण्याचीच शक्यता जास्त. हे मूल ‘लस न घेतलेले’ नव्हे. त्याने अर्धी घेतली आहे, आणि अर्धी घेतलेली कोणाच्याच नोंदीत नीट दिसत नाही. पावसाळ्यातही वाट सोपी नसते. लेंडी नदी फुगली की पालमपासून पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो, ठरल्या दिवशी सत्र होत नाही, आणि चुकलेले सत्र महिनाभर पुढे जाते. म्हणजे कुटुंब गावात असते त्या चार-पाच महिन्यांतलेही काही दिवस हातचे जातात.

मग टक्केवारी इतकी चांगली कशी येते? पथक दारावर खडूने खूण करते. सगळ्या मुलांना डोस मिळाले तर ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’. ज्या घरावर ‘एक्स’ पडला तिथे पथकाने पुन्हा जायचे असते. पद्धत साधी आणि फार हुशारीची आहे. तिच्यामुळेच उत्तर प्रदेशातली राहिलेली मुले सापडली. पण तांड्यावरच्या कुलूप लावलेल्या दारापुढे ती थबकते. शेजारी सांगतात, ‘कारखान्याला गेलेत,’ आणि ते मूल ‘बाहेरगावी’ म्हणून या गावच्या हिशेबातून निघते. ज्या गावी ते गेले तिथल्या हिशेबात ते शिरतेच असे नाही. दोन्ही गावांचे आकडे खरे आणि दोन्ही गावांचे काम पूर्ण, तरी मूल कोरडेच. भागाकार करताना खालचा आकडाच कमी झाला की उत्तर शंभराच्या जवळ जाणारच. त्यात हा खालचा आकडा अंदाजावर किंवा मागच्या फेरीच्या मोजणीवर बेतलेला, आणि २०२१ ची जनगणना झालीच नसल्याने आपले सगळे अंदाज अजून २०११ च्या पायावर उभे. दाराला कुलूप न पाहता थेट आईकडे चौकशी करणारी पाहणी काय म्हणते? २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लसी मिळालेली देशभरात ७६ टक्के होती, आणि महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा थोडा मागेच होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात चारातले एक मूल अपुऱ्या लसीचे. ते चौथे मूल राज्यभर सारखे पसरलेले नसते. ते याच वाड्या-तांड्यांवर, फडांवर आणि वीटभट्ट्यांवर एकवटलेले असते, आणि विषाणूला तेवढीच जागा पुरते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की देशात चौदा-पंधरा वर्षांत जंगली पोलिओ नाही, मग ही धास्ती कशासाठी? पण पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांपैकी एकालाच पक्षाघात होतो. बाकीच्यांना ताप येऊन जातो, किंवा काहीच होत नाही, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे एक पाय लुळा पडलेला दिसतो तेव्हा त्याच्या मागे शेकडोंची न दिसलेली साखळी असते. पाकिस्तानात २०२१ मध्ये संपूर्ण वर्षात एकच रुग्ण होता आणि तिथले काम संपत आल्याचे बोलले जात होते. २०२४ मध्ये तिथे ७४ रुग्ण झाले. गाझात पंचवीस वर्षे पोलिओ नव्हता. युद्धात लसीकरण आणि मैलापाण्याची व्यवस्था कोसळली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांचे बाळ लुळे पडले. न्यूयॉर्कजवळ २०२२ मध्ये लस न घेतलेल्या तरुणाला पक्षाघात झाला. श्रीमंतीने विषाणू अडत नाही, आणि सीमेनेही नाही.

आपल्याकडे तो परत आला तर कळेल कसे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर त्याची खबर द्यायची, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे, अशी आपली टेहळणी आहे. देशात पोलिओचे विषाणू ओळखण्याचे काम अनेक दशके मुंबईत परळला होत आले, आणि सांडपाण्यात विषाणू शोधण्याची सुरुवातही भारतात २००१ मध्ये मुंबईतच झाली. मुंबईच्या गटारातून शहर काय लपवते ते कळते. उसाच्या फडाला गटार नसते. तिथे कालव्याचे पाणी प्यायचे आणि कालव्याच्याच कडेला बसायचे. म्हणून तिथे एकच डोळा उरतो, लुळ्या पडलेल्या मुलाची खबर. पण फडावर पाय लुळा पडलेले मूल आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे जाईल, टोळी पुढच्या गावी हलली की तिच्याबरोबर हलेल, आणि फरक पडला नाही तर आई त्याला घेऊन पालमची एसटी धरेल. चौदा दिवस या प्रवासातच संपतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो खोटा नाही. आज जगात पोलिओचे बरेच रुग्ण लसीपासूनच आलेल्या विषाणूचे आहेत. थेंबांत विषाणू जिवंत पण दुबळा असतो. पुरेशी लस न मिळालेल्या वस्तीत तो मुलामुलांतून महिनोन्महिने फिरत राहिला तर पुन्हा घातक होऊ शकतो. न्यूयॉर्क आणि गाझातले रुग्ण अशाच विषाणूचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयातल्या पश्चिम गारो हिल्समध्ये दोन वर्षांच्या मुलात तो आढळला. थेंबांतला प्रकार दोनचा विषाणू एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी काढून टाकला गेला तो याच कारणाने, आणि नंतर आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये हा बदल फसला असेच म्हटले, कारण जिथे लसीकरण कच्चे होते तिथे प्रकार दोन उलट फोफावला. हे सगळे लपवून लोकांचा विश्वास टिकत नाही, सांगूनच टिकतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो ते पाहा. थेंब घेतल्याने वस्ती धोक्यात येत नाही. निम्म्यांनी घेतले आणि निम्मे राहिले, तिथे धोका तयार होतो. म्हणजे दुसरा आक्षेपही पुन्हा त्याच राहिलेल्या मुलाच्या दारात येऊन उभा राहतो. फडावरच्या मुलाला चौदाव्या आठवड्याचे आणि नवव्या महिन्याचे इंजेक्शन मिळाले की हा धोका त्याच्यापुरता जवळजवळ मिटतो, कारण इंजेक्शनने पक्षाघात टळतो, आणि त्या लसीत विषाणू जिवंत नसतो.

तिसरे म्हणणे नेहमी ऐकू येते, की लस फुकट आहे, दवाखाना जवळ आहे, आईबापांनाच काळजी नाही. ऊसतोडीचा हिशेब माहीत असलेला माणूस असे बोलणार नाही. मजुरी टनावर मिळते. कोयत्यातला एक जण दिवसभर कामावर आला नाही तर ‘खाडा’ पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात लागतात. मूल घेऊन उपकेंद्रात जाणे म्हणजे त्या बाईला एका दिवसाची मजुरी आणि वर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये एवढी चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली, त्यातही पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे हेच गणित बोलले गेले. स्वतःच्या शरीराचा ज्यांना असा हिशेब करावा लागतो, त्यांना लसीचा दिवस चुकवल्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे आहे. आणि ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनाही ती उगाच आलेली नाही. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या थेंबांत बंद केलेल्या प्रकार दोनचा विषाणू सापडला आणि त्या कुप्या महाराष्ट्रातही पोहोचल्या होत्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, पण ती बातमी तांड्यातांड्यांवर पोहोचली. या शंकेवरचा उपाय आईच्या हातात देण्यासारखा आहे. प्रत्येक कुपीच्या लेबलावर एक वर्तुळ आणि त्याच्या आत एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर उष्णतेने ती वाया गेली. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईलाही ही खूण वाचता येते. थेंब पाजण्याआधी कुपी आईला दाखवायची आणि चौकोन कसा बघायचा ते सांगायचे, याला एक मिनिटही लागत नाही.

चौथा आक्षेप आरोग्य यंत्रणेतूनच येतो आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. एका रोगासाठी वर्षातून एकदा सगळी यंत्रणा रस्त्यावर उतरते आणि त्या आठवड्यात गरोदर बायांची तपासणी, क्षयाचे रुग्ण, इतर लसी हे सगळे मागे पडते. आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्यावर आधीच इतक्या नोंदी, इतकी सर्वेक्षणे की आणखी एक यादी सोपवणे निर्दयपणा आहे. मानधनासाठी २०२३-२४ मध्ये याच आशाताईंना आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. हे सगळे खरे आहे. म्हणूनच पोलिओला आता आणखी मोठी मोहीम नको. जी शक्ती पालमच्या बाजारपेठेतल्या आधीच डोस घेतलेल्या मुलाला पाचव्या-सहाव्या वेळी थेंब पाजण्यात जाते, तिचा काही भाग फडावरच्या अर्धेच डोस घेतलेल्या मुलाकडे वळवला तर एकूण काम कमीच होईल. आणि ते मूल सापडले की पोलिओपुरते सापडत नाही. गोवर, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, सगळ्यांसाठी सापडते. त्याच्याबरोबर त्याची आईही सापडते, बहुतेक वेळा रक्त कमी असलेली आणि पुन्हा गरोदर.

हे मूल शोधणे अवघड आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण त्याची यादी आधीच तयार असते. ती आरोग्य खात्याकडे नसते, मुकादमाच्या वहीत असते. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, कोण कोणत्या कारखान्याला, कोणत्या गटात, हे सगळे भाद्रपद-आश्विनातच ठरलेले असते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने उभे केले, कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले, मजुरांची नोंदणी सुरू झाली. त्या नोंदीत मजुराबरोबर पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि राहिलेला डोस यायला हवा. लसीकरणासाठी केंद्राचे यू-विन आले आहे. एका ठिकाणी नोंद झालेल्या मुलाला देशात कुठल्याही केंद्रावर पुढचा डोस घेता यावा, हाच त्याचा हेतू. पण फडावरच्या आईने मोबाइलवर नोंद काढून दाखवावी ही अपेक्षा उलट्या दिशेची आहे. पालममधून निघणाऱ्या गटाची यादी कारखान्याच्या परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी मिळाली पाहिजे, म्हणजे तिथली आरोग्यसेविका कोप्या पडल्याच्या पहिल्या आठवड्यात नावे घेऊन येईल आणि संध्याकाळी, कोपीवर चूल पेटलेली असताना येईल, दुपारी बाया फडात असताना नव्हे. साखर आयुक्त दरवर्षी गाळप परवाना देतात. मजुरांच्या मुलांची यादी दिल्याशिवाय परवाना नाही, अशी एक ओळ त्यात घालायला कायदा बदलावा लागत नाही. कर्नाटकातल्या कारखान्यांचे काय, असे कोणी विचारेल. जी मोहीम नेपाळच्या सीमेवर दोन देशांतल्या मुलांना डोस पाजू शकली, तिला बेळगाव परके वाटू नये.

पालमपुरते करायचे ते याहून लहान आहे आणि त्याला मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दसऱ्याच्या आधीचे तीन आठवडे तांड्यांवरची लसीकरण सत्रे वाढवायची, दहावा आठवडा भरत आलेले मूल ट्रकमध्ये चढण्याआधी त्याचा देय झालेला प्रत्येक डोस द्यायचा, आणि कार्डाला प्लास्टिकची पिशवी. चैत्र-वैशाखात माणसे परतली की तीच यादी घेऊन पुन्हा दारोदार, नवव्या महिन्याचे इंजेक्शन कोणाचे राहिले ते पाहायला. आणि पल्स पोलिओच्या रविवारी कुलूप लावलेल्या दारावर ‘एक्स’ काढला गेला, तर तालुक्याच्या अहवालात त्या घरातल्या मुलांची संख्या टक्क्यांच्या शेजारी वेगळ्या रकान्यात, ती आता कोणत्या कारखान्याला आहेत त्या नावासह लिहायची.